अकरा विरुद्ध बावन्न

दिनांक १० नोव्हेंबर १९३८. मुंबईच्या कायदेमंडळात स्वतंत्र मजूर पक्षाचे सभासद प्रभाकर जनार्दन रोहम यांनी एक बिनसरकारी ठराव मांडला. सरकारने जनतेत संततिनियमनाचा जोमाने प्रचार करावा व त्यासाठी पुरेशा सोयी उपलब्ध करून द्याव्यात, अशी त्यात मागणी होती. भाषण डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तयार केले होते. वारंवारच्या बाळंतपणांनी खंगणारी स्त्री आणि वाढत्या कुटुंबामुळे आणखी खोल रुतणारे दारिद्र्य हे त्याचे मुख्य विषय होते. मतदान झाले. अनुकूल ११, प्रतिकूल ५२.

हा विषय सभागृहात अकस्मात उपस्थित झाला नव्हता. गणिताचे प्राध्यापक रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ मध्येच मुंबईत संततिनियमन केंद्र उघडले होते. मेरी स्टोप्स यांचे लंडनमधील केंद्रही त्याच वर्षीचे. म्हणजे या बाबतीत मुंबई लंडनच्या मागे नव्हती! या कार्यापायी कर्व्यांना १९२५ मध्ये विल्सन कॉलेजातील नोकरी सोडावी लागली. पत्नी मालतीबाईंच्या पाठबळावर त्यांनी १९२७ मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ मासिक सुरू केले आणि १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत चालविले. वाचकांच्या लैंगिक शंकांना त्यात दिलेली उत्तरे अश्लील ठरवून १९३४ मध्ये त्यांच्यावर खटला भरण्यात आला. त्यांचे वकील होते आंबेडकर. शंका विचारणाऱ्याला शास्त्रीय उत्तर द्यायचे नाही, तर त्याचे अज्ञान दूर व्हायचे कसे, असा बचावाचा रोख होता. कर्व्यांना दंड झाला.

विरोध केवळ सनातन्यांचा होता, असे मात्र समजू नये. डिसेंबर १९३५ मध्ये मार्गारेट सँगर वर्ध्यास येऊन गांधीजींना भेटल्या. स्त्रीवर मातृत्व लादले जाऊ नये, हे दोघांनाही मान्य होते. गांधीजींचा भर संयमावर होता, सँगरबाईंचा साधनांवर. पतीच संयम पाळणार नसेल, तर पत्नीने काय करावे? या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर त्या चर्चेतून निघाले नाही.

पुढे १९५२ मध्ये भारत सरकारने कुटुंबनियोजनाचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला. कर्व्यांना तो पाहता आला. आणीबाणी पाहावी लागली नाही. तिच्या काळात, १९७६ मध्ये, महाराष्ट्राच्या विधिमंडळाने तीन अपत्यांनंतर नसबंदी सक्तीची करणारे विधेयक संमत केले. ते प्रत्यक्षात कधीच अमलात आले नाही. परंतु ज्या मुंबईत १९३८ साली स्त्रीला साधने देण्यास नकार मिळाला होता, त्याच मुंबईत अडतीस वर्षांनी सक्तीला बहुमत मिळाले. स्त्रीच्या इच्छेचा विचार दोन्ही वेळी झाला नव्हता.