जुन्या मोटारीची परीक्षा

आमच्या फुलसावंगीकडे काय, किंवा महागाव, पुसद, उमरखेड यांपैकी कोणत्याही गावी काय, एखाद्या वाड्यामागे कडब्याशेजारी जुनी फियाट किंवा जीप उभी असलेली तुम्ही पाहिली असेल. चाकांतली हवा गेलेली, रंग विटलेला, बंपरवर तांबूस ठिपके. आता समजा, एकाच साली बनलेल्या अशा दोन गाड्या आहेत. पहिलीच्या मालकाने पुष्कळ पैसे खर्चून सगळा पत्रा घासून काढला आणि तिला आरशासारखा नवा रंग दिला. दुसरीच्या मालकाने इंजिन सुरू केले, ब्रेक नीट केले, गंज थांबवला. रंग मात्र होता तसाच ठेवला. जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनात परीक्षक कोणत्या गाडीपुढे जास्त वेळ थांबेल? आणि जाणकार गिऱ्हाईक कोणत्या गाडीला जास्त किंमत देईल?

पहिल्या गाडीला, असे उत्तर बहुतेक जण देतील. ते नेहमीच बरोबर नसते, आणि का नसते ते समजायला आपले शाळेतले पदार्थविज्ञान व रसायनशास्त्र पुरेसे आहे.

फियाटचेच उदाहरण घेऊ. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्स या कंपनीच्या मुंबईतील कुर्ल्याच्या कारखान्यात ही गाडी बनत असे. १९६४ पासून ‘फियाट ११०० डिलाइट’, १९७२ पासून ‘प्रीमियर प्रेसिडेंट’ आणि १९७४ पासून ‘प्रीमियर पद्मिनी’ अशी तिची नावे बदलत गेली. १०८९ घन सेंटिमीटरचे चार सिलिंडरचे इंजिन मात्र ओळखीचेच राहिले. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणजे पद्मिनी, असे समीकरण कित्येक वर्षे होते. ताडदेवच्या परिवहन कार्यालयात शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली आणि टॅक्सीसाठी असलेली २० वर्षांची मर्यादा संपताच, ऑक्टोबर २०२३ अखेर, ती रस्त्यावरून गेली. बाकीच्या त्याआधीच भंगारात गेल्या होत्या. एकेकाळी रस्तोरस्ती दिसणारी वस्तू दुर्मिळ होते ती अशी.

केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये जुन्या वाहनांसाठी वेगळे नियम केले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून अधिक काळ झालेल्या दुचाकी व चारचाकी वाहनांना ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदता येते आणि त्यांच्या क्रमांकपट्टीवर ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. म्हणजे १९७४ सालची पद्मिनी २०२४ मध्ये या पंगतीला बसू लागली. मात्र एक अट आहे. चासी, बॉडीचा सांगाडा किंवा इंजिन यांत फेरफार झालेला नसावा. पेट्रोल महागले तेव्हा आपल्याकडे किती तरी जुन्या जीपगाड्यांत डिझेल इंजिने बसवली गेली. तेव्हा तो व्यवहार शहाणपणाचा होता. आज त्याच गाड्यांची वाट या अटीपाशी अडते.

प्रदर्शनातही मूळपणालाच महत्त्व असते. दिल्लीत १९६४ पासून ‘स्टेट्समन’ वृत्तपत्राची जुन्या गाड्यांची फेरी निघू लागली. २००८ मध्ये मुंबईत मोठी ‘काँकूर’ स्पर्धा झाली. काँकूर हा फ्रेंच शब्द आहे. गाड्या देखणेपणाने व अचूकपणे जपल्या आहेत की नाही हे पाहणारी ही स्पर्धा. अशा स्पर्धांत पुष्कळदा १०० गुण धरून उणिवांचे गुण वजा करत जातात. चुकीच्या डोक्याचा स्क्रू, वेगळ्या नक्षीचे आसनाचे कापड, इतकेच काय, कारखान्यात कधी नव्हती एवढी चकाकी, यांचेही गुण कापले जातात. मूळ अवस्थेत जपलेल्या गाड्यांसाठी आता अनेक ठिकाणी स्वतंत्र गट असतो. कारण उघड आहे. गाडीला रंग कितीही वेळा देता येतो, पण कारखान्यातला रंग तिच्यावर एकदाच बसतो.

परीक्षकाच्या खिशातले लोहचुंबक

रंग मूळचा की नंतरचा, हे कसे ओळखावे? कारखान्यातल्या रंगाची जाडी, सर्व थर मिळून, साधारणपणे १०० ते १५० मायक्रॉन असते. १ मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. जुन्यावर नवा रंग चढवला की ही जाडी दुप्पट-तिप्पट होते. पोचा आलेल्या जागी डेंटरने लांबी भरली असेल, तर ती १,००० मायक्रॉनच्याही पुढे जाते. वरून बोट फिरवून काही कळत नाही. पण लांबी लोहचुंबकाला आकर्षित होत नाही आणि पोलादी पत्रा होतो, हा फरक लपवता येत नाही.

चुंबक आणि पत्रा यांमधले अंतर थोडे वाढले, तरी त्यांच्यातील ओढ फार झपाट्याने कमी होते. हे वर्गात करून पाहण्यासारखे आहे. एक लहान चुंबक, एक स्प्रिंग तराजू आणि शाळेचे पोलादी कपाट घ्या. चुंबक दोऱ्याने तराजूला बांधा, कपाटाला चिकटवा, आणि सरळ बाहेर ओढून तो किती बलाला सुटतो ते नोंदवा. मग मध्ये वहीचा एक कागद ठेवा, नंतर दोन, नंतर तीन. शंभर कागदांची जाडी मोजून तिला शंभराने भागले की एका कागदाची जाडी मिळेल. ती सुमारे ०.१ मिलिमीटर, म्हणजे १०० मायक्रॉन भरते. आडव्या अक्षावर जाडी आणि उभ्या अक्षावर बल घेऊन आलेख काढा. तो सरळ रेषेत येणार नाही, सुरुवातीला एकदम खाली कोसळेल. हा आलेख हाती असला म्हणजे तुमच्याजवळ रंगाची जाडी मोजण्याचे एक कच्चे उपकरण तयार झाले. बाजारात मिळणारी एका प्रकारची उपकरणे नेमक्या याच तत्त्वावर चालतात.

गाडीवर चुंबक लावताना तो पातळ कापडात गुंडाळावा, नाहीतर परीक्षेतच ओरखडा पडायचा. आणि जुन्या लँडरोव्हरच्या बॉडीला चुंबक चिकटला नाही, म्हणून ‘सगळी लांबी आहे’ असे म्हणू नका. तिचा पत्राच मुख्यतः ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा असतो.

दुसरी साक्ष इंजिन व चासी यांवरील क्रमांकांची. ते आर. सी. बुकाशी जुळले पाहिजेत. पोलादावर ठोकलेला आकडा कोणी कानशीने घासून टाकला, तरी तो पूर्ण पुसला जात नाही. ठोकताना पडलेल्या दाबाने आकड्याच्या खाली बऱ्याच खोलीपर्यंत धातूच्या स्फटिकांची रचना बिघडलेली असते. न्यायवैद्यक प्रयोगशाळेत त्या जागी विशिष्ट आम्लद्रव लावतात; बिघडलेला भाग बाकीच्यापेक्षा वेगळ्या वेगाने झिजतो आणि गेलेला आकडा पुन्हा दिसू लागतो. चोरीच्या गाड्या अशाच उघडकीला येतात.

गंज

आता खऱ्या शत्रूकडे वळू. लोखंड, पाणी आणि ऑक्सिजन एकत्र आले की गंज चढतो. पाण्यात मीठ असेल तर ते विजेचे चांगले वाहक बनते आणि क्रिया वेगाने होते. म्हणून मुंबईच्या खाऱ्या हवेत पत्रा लवकर खातो. आपल्या विदर्भात हवा बरीच कोरडी, तेव्हा पत्रा त्या मानाने टिकतो, पण ऊन रंगाची पूड करते आणि रबराला भेगा पाडते. शिवाय मडगार्डच्या आत साचलेली काळी माती ओल धरून ठेवते. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा व्यापतो. दोन पत्रे जोडलेल्या फटीत तो तयार झाला की पत्रे आतून फुगवतो आणि वरचा धडधाकट रंगही उचलतो. रंगावर फोड दिसला, तर रोग बहुधा आतून बाहेर आलेला असतो.

लहान सुट्या भागावरचा गंज विजेने काढता येतो. शिक्षकांच्या देखरेखीखाली, मोकळ्या हवेत करण्याचा हा प्रयोग आहे. प्लॅस्टिकच्या बादलीत १० लिटर पाणी घेऊन त्यात सुमारे १०० ग्रॅम धुण्याचा सोडा विरघळवा. गंजलेली वस्तू १२ व्होल्टच्या बॅटरी चार्जरच्या ऋण टोकाला जोडा आणि साध्या लोखंडाचा एक टाकाऊ पत्रा धन टोकाला. दोन्ही पाण्यात बुडाली पाहिजेत, पण एकमेकांना लागता कामा नयेत. मगच प्रवाह सुरू करा. ऋणाग्रावर हायड्रोजनचे बुडबुडे येतात, गंजाचा काही भाग काळ्या ऑक्साइडात बदलतो, आणि काही तासांनी तो ब्रशने सहज निघतो. वस्तू बाहेर काढण्यापूर्वी प्रवाह बंद करा. लगेच पुसून, वाळवून तिला तेल लावा, नाहीतर तासाभरात पुन्हा तांबूस झाक येते.

तीन गोष्टी कटाक्षाने पाळा. हायड्रोजन पेट घेतो, तेव्हा जवळ ठिणगी नको. सोड्याऐवजी मीठ वापरू नका, क्लोरीन वायू निघतो. धनाग्राला स्टेनलेस स्टीलचा चमचा लावू नका, त्यातून क्रोमियमची विषारी संयुगे पाण्यात उतरतात.

या रीतीने कानशीप्रमाणे चांगले लोखंड घासले जात नाही, हा तिचा मोठा गुण. पण गंज होऊन गेलेले लोखंड परत येत नाही, हेही खरे. कडक पोलादाच्या स्प्रिंगा व बोल्ट मात्र यात किंवा आम्लात घालू नयेत. हायड्रोजनचे अणू पोलादात शिरतात आणि ते ठिसूळ होते. कारखान्यात असे भाग लगेच सुमारे २०० अंश सेल्सिअसला काही तास तापवून हायड्रोजन हुसकावतात. घरी ते साधणे कठीण, आणि स्टिअरिंगचा बोल्ट वळणावर तुटला तर प्रदर्शनाचे गुण कोणाच्या कामाचे?

बंपरची चकाकी

बंपर चकाकतो तो क्रोमियमने, पण त्याला खरे संरक्षण देतो खालचा निकेलचा थर. क्रोमियमचा थर पाव-अर्धा मायक्रॉन, म्हणजे प्रकाशाच्या तरंगलांबीइतकाच पातळ असतो. निकेलचा हिशोब फॅराडेच्या नियमाने मांडू. क्षेत्रफळ १०० चौरस सेंटिमीटर, प्रवाह ४ अँपिअर, वेळ ३० मिनिटे. विद्युतभार ४ × १,८०० = ७,२०० कूलोम. निकेलचा सममूल्यभार २९.३५, म्हणून बसलेले निकेल २९.३५ × ७,२०० ÷ ९६,५०० = सुमारे २.१९ ग्रॅम. घनता ८.९ धरली तर आकारमान ०.२४६ घन सेंटिमीटर, आणि त्याला १०० ने भागले की जाडी सुमारे २५ मायक्रॉन. अर्ध्या तासाचे काम! एवढे सोपे असूनही परीक्षक नव्या विलेपनाकडे संशयाने पाहतात, कारण विलेपनापूर्वी भाग बफवर घासावा लागतो. त्यात धारदार कडा गोल होतात आणि कारखान्याने उठवलेली अक्षरे पुसट होतात. वर क्रोमियम कितीही उत्तम बसो, गेलेली कड परत येत नाही.

विजेच्या बाबतीतही असाच मोह होतो. दुसऱ्या महायुद्धातील जीप आणि साधारण १९५५ पूर्वीच्या बऱ्याच अमेरिकन गाड्या ६ व्होल्टवर चालत. दिवे मंद दिसतात म्हणून सगळे काढून १२ व्होल्टचे बसवा, असे मिस्त्री सांगतो. जरा गणित करा. ३६ वॉटचा दिवा ६ व्होल्टवर ६ अँपिअर घेतो. गंजलेल्या जोडाचा रोध ०.१ ओहम असला, तर तिथेच ०.६ व्होल्ट, म्हणजे दहावा हिस्सा खर्च होतो. दिव्याला १० टक्के व्होल्ट कमी मिळाले की उजेड जवळजवळ ३० टक्क्यांनी घटतो. अर्थिंगचे जोड काचकागदाने स्वच्छ करा; दिवाही उजळेल आणि गाडीही मूळची राहील.

मग नवे काहीच करू नये का? तसे मुळीच नाही. पद्मिनीला जीपसारखी वेगळी चासी नाही. तिची पत्र्याची बॉडी हाच तिचा सांगाडा आहे. दारांखालच्या पोकळ पेट्या गंजून चाळण झाल्या, तर नुसता रंग वाचवण्यात अर्थ नाही, तो पत्रा कापून नवा जोडलाच पाहिजे. ब्रेक, टायर, पेट्रोलच्या नळ्या यांत मूळपणाचे लाड नकोत. जुन्या ब्रेकपट्ट्यांत ॲसबेस्टॉस आणि जुन्या रंगात शिसे असू शकते, म्हणून त्यांची कोरडी धूळ उडवू नये. आणि पेट्रोलच्या ‘रिकाम्या’ टाकीला वेल्डिंग लावण्याचे धाडस कोणीही करू नये. आत उरलेली वाफ हवेत मिसळून स्फोटक बनते, आणि या बाबतीत रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा भयंकर असते. जिथे जीव धोक्यात नाही तिथे मात्र घाई नको. मूळ रंग निम्मा जरी शिल्लक असला तरी तो ठेवावा, असे माझे मत आहे. काही मिस्त्री माझ्याशी सहमत नाहीत, कारण गिऱ्हाईक पैसे देते ते चकाकीचे. २०१२ साली जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने केलेली ‘ट्यूरिन सनद’ मात्र जतनालाच अग्रक्रम देते.

रंग द्यायचेच ठरले, तर आधी मूळ छटा शोधावी. ती ऊन न लागलेल्या जागी सापडते: डॅशबोर्डच्या मागे, दाराच्या रबराखाली, डिकीत स्टेपनीच्या तळाशी. बाहेरच्या पत्र्यावर एक नाण्याएवढी जागा निवडून ती पाण्याच्या बारीक काचकागदाने मध्यभागी जास्त आणि कडेला कमी अशी हलक्या हाताने घासा. लाकडाच्या ओंडक्यावरील वलयांसारखी रंगांची वलये दिसू लागतात. बाहेरून आत मोजत गेलात तर प्रत्येक रंगकामाचे एक वलय, त्याच्या आत कारखान्याचा रंग, मग अस्तराचा करडा किंवा तांबडा पट्टा, आणि अगदी मध्यभागी उघडा पत्रा.