मोदक सोपा, अर्धं तिकीट अवघड

पालकहो, श्रावण सरत आला की आमच्या लालबागच्या शब्बाथ शाळेत एखादं पोर विचारतंच, "बाई, शेजारच्या काकूंनी मोदक दिला तर खायचा का?"

प्रश्न लहान नाही. गणेश गल्लीचा उत्सव 1928 पासूनचा, लालबागच्या राजाचा 1934 पासूनचा. इथल्या ख्रिस्ती घरातलं मूल ढोलताशाच्या आवाजातच पाढे पाठ करतं. दहा दिवस त्याला दार लावून घरात कोंडणं जमणार नाही आणि ते बरंही नाही. तुम्ही कामावर असताना ज्या काकूंनी त्याला भरवलं, त्यांच्या ताटाकडे बघून नाक मुरडायला शिकवणं हा निव्वळ माज आहे. त्यात ख्रिस्ताचं काही नाही.

करिंथ शहरातल्या मंडळीपुढे हीच अडचण होती. पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राचा आठवा आणि दहावा अध्याय घरी मुलांबरोबर वाचा. मूर्तीच्या पूजेत सामील होऊ नका, असं तो बजावतो. पण कुणी जेवायला बोलावलं तर चौकशा न करता वाढलेलं खा, असंही सांगतो. आणि अमुक नैवेद्याचं आहे असं कुणी सांगितलं, तर सांगणाऱ्याच्या मनाचा विचार करून हात आवरा, म्हणतो. त्यामुळे आपल्यातल्या एका घरी मोदक घेतात, दुसऱ्या घरी हात जोडून नको म्हणतात. मला दोन्ही चालतं. नाताळात मात्र दोन्ही घरांतून काकूंकडे करंज्यांचं ताट जायला हवं.

माझी काळजी वेगळी आहे. मागे वर्गात खरेपणावर बोलणं चाललं होतं. खोटी साक्ष देऊ नको ही नववी आज्ञा एका मुलाने घडाघडा म्हणून दाखवली आणि खाली बसता बसता सहज म्हणाला, "पण ट्रेनमध्ये टीसीने विचारलं तर अकरा सांगायचं, असं पप्पांनी सांगितलंय." मुलाला तेरावं लागलेलं. रेल्वेत बारा वर्षांखालच्या मुलांना अर्धं तिकीट. करी रोडहून जवळपास कुठे जायचं तर वाचून वाचणार किती, पाचेक रुपये! वर्ग हसला, तोही हसला. त्याला यात विसंगती दिसलीच नाही, ही खरी धास्ती. रविवारी म्हणायचं एक आणि सोमवारी वागायचं दुसरं, हे त्याच्या अंगवळणी पडलेलं.

तोच पौल करिंथमध्ये अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला यांच्या घरी राहून तंबू शिवत होता आणि शब्बाथाला सभास्थानात बोलत होता. हाताला काम आणि तोंडात वचन, दोन्ही एकाच माणसाचं. लोक त्याचं बोलणं ऐकायचे, तशी त्याची शिवणही बघत असणारच. तुमच्या ऑफिसातली खोटी बिलं, फोनवर "साहेब, मी निघालोय" म्हणत घरात काढलेला अर्धा तास, कामवाल्या बाईंचा कापलेला खाडा, हे सगळं मुलं बघतात. एवढ्याशा खोलीत लपवणार तरी कुठे?

उलट टोकाचीही घरं आहेत. दहावीतलं पोर उपासनेला येत नाही म्हटलं की आरडाओरड, शपथा, बोलणं बंद. त्या पालकांनी लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे' जरूर वाचावं. त्यांचे पती नारायण वामन टिळक यांचा बाप्तिस्मा 1895 साली मुंबईत झाला, लक्ष्मीबाईंचा 1900 साली. मधली काही वर्षं दोघं वेगळी राहिली. पुढे एकत्र आल्यावरही बाईंचं सोवळं चालूच होतं आणि टिळकांनी ते चालू दिलं. त्या ख्रिस्ताकडे आल्या त्या स्वतःच्या विचाराने. टिळकांचा स्वभाव तापट, तरी इथे त्यांनी धीर धरला. मुलाला हाताला धरून ओढत आणू नका. फक्त त्याच्या परीक्षेचं निमित्त करून तुम्ही स्वतः घरी बसू नका.

पुढच्या पालकसभेला आईबरोबर बाबांनीही यावं, ही विनंती. मुलांनी वर्षभर विचारलेले प्रश्न मी नावं न घेता वाचून दाखवणार आहे. उत्तरं तुम्ही द्यायची आहेत.