कुडाचं घर मोजताना : आर्किटेक्चर शिकणाऱ्या मुलांना डिझाईन सुचतं कुठून?



आपल्या शाळेतून आर्किटेक्चरला गेलेली मुलं पहिल्या वर्षाच्या दिवाळीच्या आसपास एक फोन हमखास करतात. "सर, बाकी सगळं जमतंय, पण डिझाईनला काही सुचतच नाही." ज्या पालकांची मुलं या वाटेने जाणार आहेत त्यांच्यासाठी थोडं सांगतो. बारावीला गणित, मग नाटा ही प्रवेश परीक्षा आणि त्यानंतर पाच वर्षांचा बी.आर्क. हा अभ्यासक्रम. त्यात डिझाईन हा विषय दर सत्रात असतो. मुलाने एक इमारत कल्पून तिचे नकाशे काढायचे, पुठ्ठ्याचं मॉडेल करायचं आणि बाहेरून आलेल्या वास्तुविशारदांसमोर ते मांडायचं. याला ज्युरी म्हणतात. तिथे पहिला प्रश्न येतो, तुझा कन्सेप्ट काय, प्रेरणा कुठून घेतलीस?

मग मुलं रात्र रात्र मोबाईलवर चित्रं बघतात. कमळासारखं सभागृह, पानाच्या आकाराची शाळा, पक्ष्याच्या पंखासारखं छत. मला स्वतःला यातलं फारसं पटत नाही. शाळा पानासारखी दिसते म्हणून तिच्या वर्गात उजेड येतो असं काही नाही. पण अठरा वर्षांच्या मुलाला 'प्रेरणा आण' म्हटलं तर ते चित्रच आणणार, त्याचा काय दोष?

मोखाडा तालुक्यातल्या एका पाड्यावरच्या आमच्या माजी विद्यार्थिनीचं उदाहरण म्हणूनच लिहितो आहे. तिची परवानगी घेतली आहे, नाव मात्र देत नाही. घर वारली समाजाचं. वडील थोडी भातशेती आणि नाचणी-वरई करतात आणि दिवाळी झाली की कुटुंबातली मोठी माणसं वीटभट्टीवर जातात. जव्हार-मोखाड्यातल्या शिक्षकांना हे सांगायला नको, नोव्हेंबरनंतर आपल्या वर्गातली बाकं का रिकामी होतात ते आपण दरवर्षी बघतो.

पहिल्या वर्षी तिला 'आपल्या भागातली एक वास्तू' असं काम होतं. तिने जव्हारचा जयविलास राजवाडा काढला. त्यात चूक काहीच नाही. मुकणे घराण्याचा तो राजवाडा टेकडीवर आहे, कमानी आहेत, घुमट आहे, सिनेमावाले शूटिंगला येतात. जव्हार संस्थान १९४८ साली विलीन झालं, तरी बाहेरच्या माणसाला जव्हार म्हटलं की आधी राजवाडाच आठवतो. मी तिला सहज विचारलं, "तुझं घर का नाही काढलंस?" ती म्हणाली, "सर, आमचं घर कुडाचं आहे. त्यात काढण्यासारखं काय आहे?"

दुसऱ्या वर्षी वेगळंच झालं. विषय होता डोंगराळ भागातलं पर्यटक निवास. अर्ध्या वर्गाने भिंतींवर वारली चित्रं काढली, फेर धरून नाचणारी माणसं, तारपा वगैरे. तिने काढली नाहीत. ज्युरीत एका परीक्षकांनी तिला सुनावलं, "तू तिकडचीच ना? तुझ्याकडे तर प्रेरणा घरातच आहे, तीसुद्धा वापरता येत नाही?" ती चिडली. तिचं म्हणणं मला फोनवर ऐकवलं ते असं, "सर, आमच्याकडे चौक लग्नात काढतात. सवासिनी काढतात, गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने. मध्ये पालघट देवी असते. तो रिसेप्शन काउंटरच्या मागे कशाला काढू?"

मला वाटतं, तिचं शिक्षण त्या रागापासून सुरू झालं. 'माझ्या घरात काढण्यासारखं काही नाही' आणि 'माझ्या घरातलं असं वापरू नका' ही दोन वाक्यं एकाच मुलीची, मध्ये फक्त एक वर्ष गेलं होतं.

दिवाळीच्या सुट्टीत ती शाळेत आली आणि भूमितीच्या कपाटातली मोठी टेप मागून घेऊन गेली. घरचे लोक भट्टीवर निघायला दहा-बारा दिवस होते. तेवढ्यात तिने घर मोजलं. नुसती लांबी-रुंदी नाही. जोतं किती उंच, मेढी किती नि किती अंतरावर, छपराची पाखं कुठपर्यंत खाली येतात, भिंत वर कुठे संपते, सगळं. प्रत्येक मापापुढे तिने एक रकाना ठेवला होता, 'का?' हे सगळ्यात महत्त्वाचं. तो रकाना बहुतेक आजीने भरला.

छप्पर इतकं खाली का, की ओट्यावर जाताना वाकावं लागतं? कारण भिंत मातीची आहे. आपल्याकडे वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तोही चार महिन्यांत आणि वाऱ्याबरोबर तिरपा. पागोळ्या भिंतीपासून लांब पडल्या नाहीत तर सारवण धुऊन जातं. पावसाच्या बाजूला तर वरून पेंढ्याचा आडोसा बांधावा लागतो. भिंत छपराला टेकत का नाही? चुलीचा धूर बाहेर जायला वाट हवी. आणि जाता जाता तोच धूर वाशांना बसतो, त्यामुळे लाकडाला कीड कमी लागते. खिडकी का नाही? सारवण पातळ असतं तिथे कुडाच्या फटींतून वारा आणि उजेड झिरपतो. मेढी लाकडाच्या आणि कूड वेगळा का? कारण छपराचा भार मेढींवर असतो, कुडावर नाही. कूड खराब झाला तर तेवढाच बदलायचा, घर उभंच राहतं. ही गोष्ट तिला कॉलेजात 'फ्रेम स्ट्रक्चर' या नावाने आरसीसीच्या धड्यात शिकवली होती. ती म्हणाली, "सर, मी ते पाठ केलं होतं. घरात मात्र कधी दिसलंच नव्हतं."

कारवीचं सांगायला हवं, शिक्षकांना विज्ञानाच्या तासाला उपयोगी पडेल. कुडाच्या काठ्या बहुधा कारवीच्या. हे झुडूप साधारण आठ वर्षांतून एकदा फुलतं, सगळा डोंगर एकदम जांभळा होतो, बी पडतं आणि झाड मरतं. वाळलेल्या सरळ काठ्या घराला येतात. म्हणजे बांधकामाच्या सामानाला स्वतःचं एक पंचांग आहे. सिमेंट कोणत्याही मंगळवारी मिळतं, कारवीचं तसं नाही.

इथपर्यंत आलो की शहरातली माणसं खूश होतात. किती निसर्गाशी जवळ, किती सुंदर! तीही परत गेली तेव्हा अशीच भारावलेली होती. अशी घरं वाचवली पाहिजेत, सिमेंट वाईट, असं तिचं मत झालं होतं. मग तिच्या वडिलांचं घरकुल मंजूर झालं आणि फोनवर वाद सुरू झाले.

वडिलांचं म्हणणं मी प्रत्यक्ष ऐकलं आहे. ते म्हणाले, "गुरुजी, आम्ही सहा महिने भट्टीवर. घरात म्हातारी एकटी. कुडाला कुलूप लावून काय उपयोग? कोयत्याचे दोन घाव की भिंत उघडी. कणगीतलं भात, पोरांचे दाखले, कुठे ठेवू?" आईचं तर एकाच वाक्यात, "ती येऊन सारवणार आहे का?" जंगलात चांगली कारवी पूर्वीसारखी मिळत नाही, छप्पर दरवर्षी शाकारायला माणसं मिळत नाहीत, आणि साप-उंदरांचं सांगायलाच नको. शिवाय एक गोष्ट कुणी बोलत नाही, पण असते. जो माणूस वर्षानुवर्षं दुसऱ्यांच्या घरांसाठी विटा पाडतो, त्याला आपलं घर विटांचं असावं असं वाटणारच.

प्रधानमंत्री आवास योजना ग्रामीण २०१६ साली सुरू झाली तेव्हा केंद्राच्या निकषांप्रमाणे घर किमान २५ चौरस मीटरचं आणि मदत सपाट भागात १ लाख २० हजार, डोंगरी व दुर्गम भागात १ लाख ३० हजार रुपये अशी होती. २५ चौरस मीटर म्हणजे साधारण २७० चौरस फूट. पैसे कामाच्या टप्प्याप्रमाणे मिळतात. एवढ्यात बहुतेक घरं एकसारखी उभी राहतात, विटांच्या चार भिंती आणि वर पत्रा. एप्रिलमध्ये आत बसवत नाही आणि जुलैमध्ये पत्र्याच्या आवाजात बोललेलं ऐकू येत नाही. ओटा नसतो. म्हणून आपल्या पाड्यांवर तुम्ही बघितलं असेल, घरकुलाला चिकटून पुन्हा कुडाची पडवी उभी राहते आणि माणसं राहतात त्या पडवीत. घरकुलात राहतं भात आणि कागदपत्रं.

तिला नेमकं हेच दिसलं, आणि मला वाटतं, तिला पहिल्यांदा खरं डिझाईन 'सुचलं' ते इथे. लोकांनी उत्तर आधीच दिलं होतं. कुलपासाठी वीट आणि राहण्यासाठी कूड. फक्त ते दोन्ही एका नकाशात कुणी काढलं नव्हतं.

इथे दोन मोठ्या वास्तुविशारदांची आठवण काढतो, कारण तिच्या शिक्षकांनी तिला ते वाचायला लावले. लॉरी बेकर हे १९१७ साली जन्मलेले ब्रिटिश गृहस्थ बर्मिंगहॅमला शिकले, भारतात आले आणि पत्नी एलिझाबेथ यांच्यासह हिमालयात पिथोरागडला सोळा वर्षं राहिले. कॉलेजात शिकलेलं तिथे फारसं चालेना, तेव्हा त्यांनी गावचे लोक दगड-मातीने कसं बांधतात ते बघून पुन्हा पहिल्यापासून शिकायला घेतलं. केरळातली त्यांची कमी खर्चाची घरं त्या शिकण्यातून आली. दुसरे बाळकृष्ण दोशी. जन्म पुण्याचा, १९२७ चा. शिक्षण मुंबईत जे.जे.ला, पुढे पॅरिसला ल कॉर्ब्युझिए यांच्याकडे काम, आणि २०१८ साली प्रित्झकर पुरस्कार मिळवणारे पहिले भारतीय. पुण्यातलं एकत्र कुटुंबाचं घर माणसं वाढतील तसं वाढत गेलेलं त्यांनी लहानपणी पाहिलं होतं. इंदूरच्या अरण्य वसाहतीत त्यांनी गरीब कुटुंबांना पूर्ण घर न देता जोतं, नळ आणि संडास-मोरीचा गाभा दिला, काही घरं नमुना म्हणून बांधली आणि पुढचं घर ज्याने त्याने ऐपतीप्रमाणे वाढवावं अशी सोय ठेवली. मोठ्या माणसांची नावं घेऊन मुलांना दडपू नये असं माझं मत आहे. पण दोशींना हे परदेशात सापडलं नाही, आधी घरात दिसलं होतं, एवढं मुलांच्या कानावर जरूर घालावं.

तिने शेवटच्या वर्षाला विषय घेतला तो २७० चौरस फुटांच्या घरकुलाचा. मध्ये विटांची एक खोली, पक्की, कुलपाची. दोन बाजूंनी त्याच छपराखाली रुंद पडवी, तिला अर्ध्या उंचीपर्यंत वीट आणि वर कूड, म्हणजे सारवण कमी आणि वारा कायम. पत्र्याच्या खाली हवेला फट. आणि छपराला पन्हळ लावून खाली टाकी. हे शेवटचं तिच्या आईसाठी. मोखाड्यात पावसाळ्यात ओढे भरून वाहतात आणि उन्हाळ्यात टँकरची वाट बघावी लागते. याच तालुक्यातल्या मध्य वैतरणा धरणाचं पाणी मुंबईला जातं. टाकी उन्हाळाभर पुरणार नाही हे तिने हिशोब करून स्वतःच लिहिलं होतं. पावसाळ्याच्या शेवटचे काही आठवडे विहिरीवरची खेप वाचेल, एवढाच दावा. मला हा प्रामाणिकपणा नकाशापेक्षाही जास्त आवडला.

ज्युरीच्या आधी तिने तो नकाशा घरी दाखवला. वडिलांनी कुलपाची खोली बघून मान डोलावली, मग पडवीच्या कुडावरून पुन्हा थोडं वाजलं. आजीला नकाशा वाचता येत नाही, म्हणून मॉडेल दाखवलं. तिने छप्पर उचलून आत बघितलं आणि विचारलं, "चौक कुठे काढायचा?" धाकट्या भावाचं लग्न अजून व्हायचं आहे. नकाशात मातीची, आतल्या बाजूची, सारवून गेरू लावता येईल अशी सलग भिंत एकही नव्हती. पुढचे चार दिवस तिने त्या एका भिंतीसाठी खर्च केले. चूल सरकली, दार सरकलं, विटांच्या खोलीची एक बाजू आतून मातीने लिंपायची ठरली. ज्युरीतल्या शीटवर वारली चित्र एकही नव्हतं, पण 'चौकाची भिंत' असं लिहिलेली आठ फुटांची एक रेघ होती.

तिचं घरकुल अगदी तसंच बांधलं गेलं का? नाही. मिस्त्री बाहेरचा होता, हप्ते टप्प्याने येत होते, कुडाची पडवी 'नंतर बघू' झाली. छप्पर मात्र नेहमीपेक्षा दोन फूट पुढे काढलं आणि चौकाची भिंत ठेवली. ती आता शिकाऊ म्हणून एका कार्यालयात काम करते आणि सुट्टीला आली की पडवीवरून वडिलांशी वाद घालते.

आता वर्गासाठी. सहावी ते आठवीला मापन, क्षेत्रफळ, प्रमाण हे आपण शिकवतोच. त्याला हा उपक्रम जोडता येतो. मुलांना आपलं घर मोजून चौकटीच्या कागदावर १ फुटाला १ घर अशा मापाने काढू द्या आणि प्रत्येक मापापुढे 'का?' विचारून घरातल्या मोठ्या माणसांचं उत्तर लिहू द्या. टेप नसेल तर सुतळीला फुटाफुटावर गाठी मारा, चालतं. घर भाड्याचं, कुडाचं, चाळीतलं, पत्र्याचं, कसलंही असो. फक्त कागद भिंतीवर लावताना एक काळजी घ्या. काही मुलांना आपलं घर सगळ्यांना दाखवायचं नसतं, त्यांना नाव न घालता लावू द्या किंवा शाळेची खोली मोजायला द्या. दिवाळीच्या आधी घेतलात तर भट्टीवर जाणारी मुलंही वर्गात असतात.