खोकड, कृमी आणि कारणांची साखळी



रोगाचे कारण शोधण्यापेक्षा कुणाला तरी दोषी ठरवणे माणसाला नेहमीच सोपे वाटत आले आहे. युरोपातील लाल खोकडाच्या आतड्यात राहणाऱ्या एका पट्टकृमीचा इतिहास म्हणूनच आम्हांस अभ्यसनीय वाटतो. खोकड म्हणजे कोल्ह्याचा लहान चणीचा, झुपकेदार शेपटीचा भाऊबंद.

या कृमीचे नाव एकायनोकॉकस मल्टिलोक्युलॅरिस. त्याची लांबी अवघी २ ते ४ मिलिमीटर. एकाच खोकडाच्या लहान आतड्यात असे हजारो कृमी असू शकतात; तरीही खोकड सहसा आजारी पडत नाही. कृमीची अंडी विष्ठेवाटे गवतावर पडतात. ते गवत कुरणातील उंदीर खातात आणि त्यांच्या यकृतात कृमीच्या अळ्या वाढतात. असा उंदीर खोकडाने खाल्ला की चक्र पूर्ण होते.

या चक्रात माणसाला स्थान नाही. परंतु न धुतलेल्या हातांवाटे वा अन्नावाटे अंडी पोटात गेल्यास अळ्या त्याच्या यकृतात गाठीसारख्या पसरतात. लक्षणे दिसण्यास ५ ते १५ वर्षे लागतात आणि उपचार न झाल्यास रोग बहुधा प्राणघातक ठरतो. पूर्वी वैद्य या गाठींना कर्करोगाचाच प्रकार समजत. त्या परजीवी कृमीच्या आहेत, हे रुडॉल्फ फिरखो यांनी १८५५ मध्ये दाखवून दिले.

पुढे १९७८ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये खोकडांना आमिषातून रेबीजची लस देण्यास आरंभ झाला. रेबीज हटला, खोकडे वाढली आणि झुरिकसारख्या शहरांतही वसली. त्यांच्याबरोबर कृमीही वस्तीजवळ आला. साहजिकच खोकडांना मारण्याचा विचार पुढे आला.

फ्रान्समधील नान्सी शहराच्या परिसरात चार वर्षे खोकडांची शिकार वाढवून पाहण्यात आली. त्यांची संख्या घटली नाही. उलट बाधित खोकडांचे प्रमाण सुमारे ४० टक्क्यांवरून ५५ टक्क्यांवर गेले. मोकळ्या झालेल्या प्रदेशात बाहेरची तरुण खोकडे येतात आणि तरुणांत कृमींचा भार अधिक असतो, हे त्याचे संभाव्य कारण. याउलट झुरिकमध्ये प्राझिक्वांटेल हे कृमिनाशक आमिषात घालून ठेवले, तेव्हा विष्ठेतून होणारा प्रसार लक्षणीय घटला. अर्थात, खोकड पुन्हा बाधित उंदीर खाऊ शकतो. म्हणून हा उपाय सातत्याने करावा लागतो.

ही अंडी हिवाळ्यातील गोठवणाऱ्या थंडीत टिकतात, परंतु शिजवण्याच्या उष्णतेने मरतात. म्हणून तेथील माणसासाठी साधे नियम आहेत: मातीत काम केल्यावर हात धुणे, रानातील फळे शिजवून खाणे, उंदीर खाणाऱ्या पाळीव कुत्र्यास नियमित जंताचे औषध देणे.

बंदुकीने खोकड मेला, साखळी मात्र तुटली नाही. ती तुटते तिची कडी नेमकी ओळखल्यावर. कोणताही प्रश्न समोर आला की आधी त्याची कडी शोधावी, एवढेच आमचे आपणांस सांगणे आहे.