मॉडेलला आपल्या साइटचं काँक्रीट सांगा

पनवेलमध्ये मोठी इमारत म्हटली की पार्किंगसाठी तळघर आलंच. इथला पाऊस पाहता तळघराच्या भिंतीला तडा गेला, तर दर पावसाळ्यात पाणी आत येणार. म्हणून अशा एका कामावरचा अनुभव नव्या इंजिनिअर मंडळींसाठी मुद्दाम लिहितो आहे.

त्या कामावर काँक्रीटची गुणवत्ता मी पाहत होतो. भिंत ओतण्याआधी सल्लागारांकडून तड्यांचं संगणकीय मॉडेल करून घेतलं होतं आणि अहवालात भिंत सुरक्षित दाखवली होती. शटरिंग काढल्यावर मात्र काही दिवसांतच उभे तडे दिसू लागले. राफ्टच्या किंचित वर सुरू होऊन ते वर चढत गेले होते. क्यूबचे निकाल मात्र उत्तम होते.

तड्यांच्या ठेवणीतच त्यांचं कारण दिसतं. सिमेंट आणि पाणी यांच्या क्रियेतून उष्णता निघते. भिंत गरम असतानाच घट्ट होते आणि निवताना आकसते. दहा मीटर लांबीचं काँक्रीट तीस अंशांनी निवलं की अडीच-तीन मिलिमीटर आखूड होऊ पाहतं. खालचा राफ्ट आधीच निवलेला असतो. तो भिंतीला आकसू देत नाही. काँक्रीटची ताण सोसण्याची ताकद दाबाच्या साधारण दहाव्या हिश्शाएवढी, कोवळ्या वयात तर फारच थोडी. ती संपली की तडा जातो.

अहवाल पुन्हा वाचल्यावर उलगडा झाला. मॉडेलमध्ये काँक्रीट २८ अंशांना ओतलं होतं. आमचे ट्रान्झिट मिक्सर कळंबोलीच्या कोंडीतून एप्रिलच्या दुपारी यायचे, तेव्हा काँक्रीट ३५ अंशांच्या आसपास असायचं. सिमेंटच्या उष्णतेचे आकडे पुस्तकातले होते, आमच्या मिश्रणाचे नव्हते. सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे भिंतीचा पाय मोकळा धरला होता. संगणकाचा हिशोब बरोबर होता, पण ती भिंत आमची नव्हती.

आणखी एका जातीचे तडे तापमानाच्या मॉडेलमध्ये दिसतच नाहीत. स्लॅब ओतल्यावर काही तासांतच, काँक्रीट अजून ओलं असताना, वरच्या पृष्ठभागावर ते उमटतात. आतून वर येणाऱ्या पाण्यापेक्षा वाऱ्याने उडून जाणारं पाणी जास्त झालं की पृष्ठभाग फाटतो. पॉल युनो यांनी १९९८ मध्ये मांडलेल्या सोप्या सूत्रावरून याचा अंदाज मोबाइलवरही काढता येतो. हवा आणि काँक्रीट दोन्ही ३४ अंश, आर्द्रता ३० टक्के आणि वारा ताशी ५ किलोमीटर असेल, तर दर चौरस मीटरमागे तासाला साधारण ०.६ किलो पाणी उडतं. वारा ताशी २० किलोमीटर झाला की हाच आकडा १.६ वर जातो. १ किलोला धोक्याची रेषा मानतात. मिश्रणात मायक्रोसिलिकासारखी बारीक पूड असेल, तर त्याआधीच सावध व्हावं.

हे सगळं सांगूनही मॉडेल करायलाच हवं, असंच मी म्हणेन. ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपात कोयना धरणाच्या काँक्रीटला तडे गेले. तडे कुठे गेले हे नोंदलेलं असल्यामुळे जगभरचे संशोधक आपली मॉडेलं आजही कोयनेवर तपासून पाहतात. प्रत्यक्षाशी ताडून पाहिलेल्या मॉडेलवरच विसंबावं, हा धडा आपल्याच महाराष्ट्रातल्या धरणाने दिला आहे.

तेव्हा अहवाल हाती आला की रंगीत चित्रांआधी गृहीतकांचं पान उघडा. ओतण्याचं तापमान, सिमेंट आणि स्लॅगचं प्रमाण, शटरिंग काढण्याची वेळ, राफ्ट आणि भिंत यांच्या ओतण्यातलं अंतर, राफ्टचा अटकाव: यांतली एक जरी नोंद नसेल तर अहवाल परत पाठवा. मुख्य कामाआधी त्याच मिश्रणाचा मीटरभराचा ठोकळा ओता, त्यात थर्मोकपल ठेवा आणि आलेला आलेख मॉडेलशी ताडून पाहा. दोन्ही जुळत नसतील, तर मॉडेल दुरुस्त होईपर्यंत काम थांबवा.

जाड राफ्टचा उपाय भिंतीला सरसकट लावू नका. राफ्टमध्ये गाभा आणि पृष्ठभाग यांच्या तापमानातला फरक २० अंशांच्या आत ठेवायला वरून उबदार आच्छादन उपयोगी पडतं. राफ्टला जखडलेल्या भिंतीत मात्र अशी ऊब कमाल तापमान वाढवते आणि पुढचं आकसणंही वाढवते. तिथे रात्री ओतणं, प्लँटवर बर्फ किंवा थंड पाणी वापरणं, स्लॅग वाढवून साधं सिमेंट कमी करणं, भिंत लहान तुकड्यांत ओतणं आणि राफ्टनंतर लवकर ओतणं उपयोगी ठरतं. आडव्या सळ्या तडा थांबवत नाहीत, त्याची रुंदी आवरतात. मातीच्या ओलीला लागणाऱ्या भागात आयएस ४५६ ही रुंदी ०.२ मिलिमीटरपर्यंतच चालवून घेतं. या संहितेतलं किमान लोखंड अशा भिंतीत बहुधा अपुरं पडतं, हे डिझायनरला आधीच विचारा.

क्युरिंगलाही सूट देऊ नका. स्लॅग किंवा फ्लायॲशच्या मिश्रणाला हीच संहिता १४ दिवसांपर्यंत ओलावा ठेवायला सुचवते. स्लॅब ओतताना वारा अडवा, फिनिशिंग होताच पृष्ठभाग झाका.

प्रत्येक पोअरचं तापमान, वारा आणि दिसलेले तडे एका वहीत लिहून ठेवा आणि ती वही मॉडेल करणाऱ्याला द्या. पुढच्या भिंतीचं मॉडेल त्या नोंदींवरून केलं, तरच त्याच्या अहवालावर सही करा.