गोटी, वाटी आणि माळढोक

एक वाटी घ्या व तिच्या तळाशी गोटी ठेवा. गोटीला हलकेच ढकलले तर ती मागेपुढे होऊन पुन्हा तळाशी येते. हा स्थिर समतोल. आता वाटी पालथी घालून गोटी माथ्यावर ठेवा. जरासा धक्का लागताच ती घरंगळते आणि परत येत नाही. हा अस्थिर समतोल. वन्यजीव आणि जमीनमालक यांचे नातेही असेच दोन प्रकारचे असू शकते.

माळढोक पक्ष्याचे उदाहरण पाहू. हा वजनदार पक्षी मोकळ्या गवताळ माळावर राहतो. मादी जमिनीवरच, बहुधा एकच अंडे घालते. त्याच्यासाठी १९७९ मध्ये सोलापूर व अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) जिल्ह्यांत अभयारण्य घोषित झाले. क्षेत्र सुमारे ८,४९६ चौरस किलोमीटर! वर्गमूळ काढून पाहा. प्रत्येक बाजू ९२ किलोमीटर असलेल्या चौरसाएवढे हे क्षेत्र होते. साहजिकच त्यात शेते, गावे, बाजारपेठा सारेच आले. जमिनीचे व्यवहार व उद्योग यांवर निर्बंध येतात म्हणून लोक नाराज झाले. दुसरीकडे, पाणी मिळताच माळ नांगरून ऊस लावणे फायद्याचे ठरले. मग माळ तसाच राखणाऱ्याच्या पदरात काय पडणार? वाटी पालथीच होती. पुढे २०१२ मध्ये अभयारण्य सुमारे १,२२२ चौरस किलोमीटर, म्हणजे मूळच्या जेमतेम एक-सप्तमांश, करण्यात आले. माळढोक मात्र महाराष्ट्रातून जवळजवळ नाहीसा झाला. देशात उरलेले बहुतेक माळढोक आज राजस्थानात आहेत.

वाटी सुलटी करता येते का? अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलिना राज्यात असा प्रयत्न झाला. तेथील एका जातीचा सुतारपक्षी जुन्या, जिवंत पाइन वृक्षांतच ढोली कोरतो. पक्षी आला की कायद्याने झाडतोडीवर बंधन येणार, या भीतीने काही मालक झाडे जुनी होण्याआधीच तोडत. १९९५ मध्ये तेथे मालकांशी करार सुरू झाले. प्रथम जमिनीवरील पक्ष्यांची नोंद करायची. तेवढे पक्षी मालकाने सांभाळायचे. त्याने जंगल राखल्यामुळे पक्षी वाढले, तर त्या वाढीबद्दल नवे बंधन नाही. भीतीच गेल्यामुळे झाडे वाढू देण्यात तोटा उरला नाही. या व इतर प्रयत्नांमुळे पक्षी वाढले आणि २०२४ मध्ये त्यांचा धोक्याचा दर्जा एका पायरीने कमी करण्यात आला.

आपल्या वन्यजीव कायद्यातही २००२ च्या दुरुस्तीने एक वाट उघडली आहे. खासगी वा सामुदायिक जमिनीचे मालक स्वेच्छेने पुढे आले, तर तेथे सामुदायिक राखीव क्षेत्र घोषित करता येते.

आता एक गृहपाठ. तुमच्या गावातील एखादा माळ, तळे किंवा राई निवडा. वहीत दोन रकाने आखा. तेथील पशुपक्षी टिकले तर मालकाला काय मिळते, हे एकात लिहा. गेले तर काय मिळते, हे दुसऱ्यात. वाटी सुलटी आहे की पालथी, ते तुम्हालाच कळेल.