टपालाने येणारा गुलाब

गुलाबाचे रोप पाहून विकत घेणे आणि ते यादीवरून मागविणे, या दोहोंत फार अंतर आहे. पहिल्या प्रकारात झाड हाती धरून त्याची फांदी, मुळी, पान न्याहाळता येते; दुसऱ्यात सारी भिस्त एका रंगीत चित्रावर असते. परंतु गुंजवण्यासारख्या गावी राहणाऱ्यास निवडीस वाव तो किती? राजगडाच्या पायथ्याशी वसलेले हे गाव. नसरापूरहून आत वळावे, मार्गासनी व साखर ही गावे ओलांडावी, तेव्हा येथे पोहोचावे. एका रोपासाठी पुण्यास जाणे म्हणजे दिवसाच्या मजुरीवर पाणी सोडणेच होय. म्हणून अशा घरी दारात येणारे पुडके हाच गुलाबाचा सोयीचा मार्ग उरतो. ते रोप वाळले म्हणजे केवळ पैसा जात नाही. ‘आपल्या मातीत गुलाब होत नाही’ असा समज घरात कायमचा बसतो, आणि पुन्हा कोणी त्या वाटेस जात नाही. हा समज कितपत खरा आहे, हे आम्हांस येथे तपासावयाचे आहे.

झाडांनी दूरचा प्रवास करावा यात नवल काही नाही. वर्षभर पुनःपुन्हा फुलणारा गुलाब मूळचा चीनचा. अठराव्या शतकाच्या अखेरीपासून असे गुलाब जहाजांतून युरोपात जाऊ लागले. त्यांतील काही कलकत्त्यामार्गे गेले, म्हणून तिकडे त्यांस ‘बंगालचे गुलाब’ हे नाव पडले. युरोपातील जुने गुलाब बहुधा वर्षातून एकदाच फुलत. या पाहुण्यांशी त्यांचा संकर झाला, आणि त्याच वंशात १८६७ साली फ्रान्समध्ये ‘ला फ्रान्स’ हा गुलाब निपजला. आज ज्यांस आपण ‘हायब्रिड टी’ म्हणतो त्या वर्गाचा तो पहिला मानला जातो. याहून मौजेची हकीकत ‘पीस’ या गुलाबाची आहे. फ्रान्सिस मेयां या फ्रेंच बागवानाने हा गुलाब सिद्ध केला, आणि महायुद्धाच्या तोंडावर, १९३९ साली, त्याच्या डोळ्यांच्या काड्या परदेशी धाडल्या. त्यांतील काही अमेरिकेस पोहोचल्या व तेथे वाढल्या. २९ एप्रिल १९४५ रोजी त्या झाडास तेथे ‘पीस’, म्हणजे शांती, हे नाव देण्यात आले. मूठभर काड्यांच्या पुडक्याने एवढे केले!

आपल्या देशात टपालखात्याने व्ही. पी.ची पद्धत १८७७ साली सुरू केली, आणि माल हाती आल्यावर पैसे देण्याची सोय झाली. पुण्यात १८८४ साली स्थापन झालेल्या पोचा यांच्या पेढीसारखे बियाणेवाले सूचीपत्रे छापीत व त्यांवरून मागणी येई. आता सूचीपत्राची जागा दूरध्वनीच्या पडद्याने घेतली आहे. मोहात पाडण्याची कला मात्र जुनीच.

या मोहाचा एक नमुना सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. निळ्या, काळ्या, सप्तरंगी गुलाबांचे ‘बी’ विक्रीस असल्याच्या जाहिराती आजही आढळतात. वाचकांनी हे पक्के ध्यानात ठेवावे की, गुलाबात निळ्या रंगाचे मूलद्रव्य निसर्गतः नाहीच. जपानातील सनटोरी कंपनीने दुसऱ्या फुलाचा जनुक गुलाबात घालून असे फूल घडविले. ते २००४ साली जाहीर झाले व २००९ पासून जपानात विकले गेले. इतका खटाटोप करूनही त्याचा रंग निळा म्हणण्यापेक्षा फिका जांभळाच म्हणावा लागेल. शिवाय संकरित गुलाबाचे बी पेरले तर आईसारखे झाड येत नाही. तेव्हा गुलाबाचे बी विकत घेणे हा व्यवहारच सोडावा.

मग घ्यावयाचे काय? कलम. खाली एका काटक जातीचा खुंट असतो व त्याच्या सालीत हव्या त्या जातीचा डोळा भरलेला असतो. जमिनीलगत जेथे फांदी किंचित फुगलेली दिसते, तो हा सांधा. मागणी करण्यापूर्वी तीन गोष्टी विचाराव्या: जातीचे नाव काय, खुंट कोणता, आणि डोळा भरून किती महिने झाले. ज्यास नाव सांगता येत नाही, केवळ ‘लाल गुलाब’ एवढेच जो सांगतो, त्याच्याकडून न घेणे बरे. आमच्या मते नवशिक्याने ‘ग्लॅडिएटर’सारख्या, महाराष्ट्रात उघड्या रानात पिकणाऱ्या जातीपासून आरंभ करावा. तळेगावाकडे काचघरासारख्या आच्छादनाखाली जे निर्यातीचे गुलाब होतात, ते पाहून भुलू नये. त्यांस उघड्यावर ठेवणे म्हणजे लाडक्या लेकराला पावसात उभे करणे होय. जानेवारीत पुण्याच्या एम्प्रेस बागेत पुष्पप्रदर्शन भरते. तेथे एकदा जाऊन आवडलेल्या जातींची नावे वहीत टिपून आणल्यास, चित्रावर विसंबण्याची पाळी येत नाही.

पुडके कोणत्या महिन्यात मागवावे, यावर निम्मे यश अवलंबून आहे. वैशाखात ते वाटेतच भाजून निघते. आषाढ-श्रावणात मुळी कुजते. दसऱ्यानंतर, पाऊस ओसरून हवा निवळली म्हणजे मागवावे; पौषापर्यंत हरकत नाही. आलेले रोप थेट उन्हात लावू नये. बांधणी अलगद सोडावी, मुळांस माती नसेल तर ती दोन-तीन तास पाण्यात बुडवून ठेवावी. मातीचा गोळा असल्यास तो फुटू न देता ओला करावा. मग आठवडाभर रोप सावलीत ठेवून, एखाद्या सायंकाळी लावावे.

आता गुंजवण्याच्या भूमीकडे वळू. येथील खाचरांत भात पिकतो, कारण तेथे पाणी ठरते. नेमक्या याच कारणाने तेथे गुलाब मरतो. भाताला जे अमृत ते गुलाबाला विष. म्हणून खाचर टाळून घरामागील उताराची, पाच-सहा तास ऊन लाभणारी जागा निवडावी आणि वाफा जमिनीपासून फूटभर उंच करावा. दीड फूट लांब, रुंद व खोल खड्डा घेऊन त्यात माती व पूर्ण कुजलेले शेणखत भरावे. ताजे शेण घातल्यास वाळवी येते. मूठभर निंबोळी पेंड मिसळणे हितावह. सांधा मातीच्या वर दोन बोटे राहिला पाहिजे. इंग्रजी पुस्तकांत तो पुरावा असे सांगितलेले आढळते, पण तो सल्ला हिमवर्षावाच्या देशासाठी आहे. आपल्याकडे पुरलेला सांधा पावसाळ्यात कुजतो. सांध्याखालून फुटवा आला तर तो खुंटाचा समजून मुळाशी खुडून टाकावा. तो जोमाने वाढतो, लोक आनंदतात, आणि वर्षभरात मूळ जात नाहीशी होऊन गावठी फूल येऊ लागते. ‘जात बदलली’ अशी तक्रार होते ती बहुधा यामुळेच.

पाऊस हा येथील खरा शत्रू. पानांवर जे काळे ठिपके पडतात, ते एका बुरशीचे काम. पान सुमारे सात तास सतत ओले राहिले की तिचे बीज रुजते. गडावरून ढग उतरतात तेव्हा पाने दिवसच्या दिवस ओली असतात. यास औषधापेक्षा मोकळी हवा बरी. झाडे तीन फुटांच्या अंतराने लावावी व गळलेली पाने वेचून जाळावी. पाऊस संपताच, आश्विनात, छाटणी करावी: वाळकी व आत वळणारी फांदी काढून, उरलेल्या फांद्या बाहेर पाहणाऱ्या डोळ्याच्या किंचित वर तिरक्या कापाव्या. कापलेल्या टोकास बोर्डो मलम लावावे. १०० ग्रॅम मोरचूद अर्धा लिटर पाण्यात, १०० ग्रॅम कळीचा चुना दुसऱ्या अर्ध्या लिटरात, दोन्ही मातीच्या वा प्लास्टिकच्या भांड्यांत कालवून एकत्र करावे. त्यात लोखंडी सुरी बुडवून पाहावी. तिच्यावर तांबूस थर चढला तर चुना आणखी घालावा. छाटणीपासून सुमारे पंचेचाळीस दिवसांनी फूल येते. कोणत्या दिवशी फुले हवीत तो दिवस ठरवून मागे मोजीत यावे.

उन्हाळ्यात जेथे हंड्याने पाणी आणावे लागते तेथे गुलाबाला रोज पाणी देणे अन्यायाचे होईल. बुंध्याभोवती भाताचा पेंढा चार बोटे जाड अंथरावा आणि आठवड्यातून दोनदा भरपूर पाणी द्यावे.

एक रोप जगले म्हणजे दुसरे मागविण्याची गरज नाही. बांधावरच्या गावठी गुलाबाच्या काड्या पावसाच्या आरंभी लावून ठेवाव्या. माघात, त्या पेन्सिलीएवढ्या जाड झाल्या असता, सालीवर इंग्रजी ‘टी’च्या आकाराची चीर द्यावी, चांगल्या झाडाचा इंचभर सालीसह काढलेला डोळा तीत सरकवावा, आणि डोळा मोकळा ठेवून पट्टीने घट्ट बांधावे. तीन-चार आठवड्यांनी डोळा हिरवा दिसला तर तो लागला. काळा पडला तर त्याच काडीच्या दुसऱ्या बाजूस पुन्हा भरावा. लागलेल्या डोळ्यास बोटभर कोंब फुटला की वरचा खुंट कापावा.